रील आणि ऑटोप्ले आवरणाऱ्या सेटिंग्ज: सहा महिने वापरल्यावर

अँड्रॉइड फोन, नागपूर, रोजचा वापर. निकाल आधीच सांगून टाकतो: मनाच्या निग्रहावर सोडणारी सेटिंग टिकत नाही, पुढचं आयतं समोर आणून ठेवणं बंद करणारी टिकते.

ॲप टायमर पहिल्या प्रकारातला. वेळ संपली की आयकॉन राखाडी होतो खरा, पण वेळ वाढवून घेणं इतकं सोपं आहे की आठवडाभरात बोटांना ती वाट पाठ होते.

यूट्यूबवर फरक खरोखर मोठा पडतो. वॉच हिस्ट्री बंद केली की होमपेज कोरं होतं. ही सोय ऑगस्ट २०२३ पासूनची. मात्र नुसती बंद करून भागत नाही. जुनी हिस्ट्रीही पुसा, नाहीतर तिच्यावरून शिफारशी येतच राहतात. इन्स्टाग्रामवर कंटेंट प्रेफरन्सेसमध्ये सजेस्टेड पोस्ट ३० दिवस स्नूझ होतात, पुढे पुन्हा सुरू. कॅलेंडरला आठवण लावून ठेवा. रील्सचा टॅब तसाच राहतो, आणि खरी पकड तिथंच आहे. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातल्या कबुतरांसारखं आहे हे: दाणा कधी पडेल याचा नेम नसला की चोच थांबत नाही. मधल्या रटाळ रीलसुद्धा त्या पकडीचाच भाग.

ग्रेस्केलने, म्हणजे स्क्रीन कृष्णधवल केल्याने (ॲक्सेसिबिलिटी, मग कलर करेक्शन), रीलची चटक बरीच उतरते. अडचण वेगळीच. नकाशावर वर्धा रोडची लाल-हिरवी ट्रॅफिक एकसारखी दिसते. कळमन्याच्या बाजारातून व्हॉट्सॲपवर आलेल्या संत्र्यांच्या फोटोत पिकलेलं कुठलं, हिरवट कुठलं, कळत नाही. म्हणून ग्रेस्केल झटकन चालू-बंद करायचा शॉर्टकट लावाच.

गाण्यांकडे कोणी लक्ष देत नाही, ते द्यायला हवं. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजली जाते. म्हणून सुरुवातीचं संगीत आखडतं आणि हुक, म्हणजे डोक्यात बसणारा तुकडा, लवकर येतो. रीलमध्ये तोच तुकडा पन्नासदा कानावर पडतो. वारंवार समोर आलेली गोष्ट आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ झायन्सने १९६८ मध्येच दाखवलं होतं. शिवाय स्पॉटिफायच्या ‘डिस्कव्हरी मोड’मध्ये कलाकाराने किंवा लेबलने तिथून येणाऱ्या स्ट्रीम्सच्या रॉयल्टीतले ३० टक्के सोडले की गाणं रेडिओत, ऑटोप्लेत पुढे येण्याची शक्यता वाढते. ‘तुमच्यासाठी’ लागलेल्या गाण्यामागे असा सौदाही असू शकतो.

सेटिंग्जमधून ऑटोप्ले बंद करा आणि अल्बम सलग ऐका. अल्बम संपला की शांतता होते. पहिला आठवडा तीच खटकते.