हातात बारा कामं की तीनच?

कामं येतील तशी घेत जायची आणि रोज सगळ्यांना थोडा थोडा हात लावायचा, ही एक रीत. एका वेळी तीनच उघडायची, एक हातावेगळं झालं की रांगेतलं पुढचं घ्यायचं, ही दुसरी. बघणाऱ्याला दुसरी आळशी वाटते, पण हिशेब वेगळं सांगतो.

अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, उघड्या कामांना आठवड्याला संपणाऱ्या कामांनी भागलं की एक काम सरासरी किती आठवडे हातात राहतं ते कळतं. आठवड्याला तीन संपत असतील आणि बारा उघडी असतील, तर प्रत्येक काम चार आठवडे लोंबकळतं. तीनच उघडी असतील तर एक आठवडा. उरलेली नऊ गायब होत नाहीत, बाहेर थांबतात. पण न उघडलेलं काम बैठका मागत नाही, आणि रद्द झालं तर केलेलं वाया जात नाही.

दिवस किती भरायचा, हाही प्रश्न आहेच. कामं अनियमित येतात आणि त्यांना लागणारा वेळही अनियमित, सरासरी तासाभराचा असतो असं धरलं, तर रांगेच्या साध्या गणितात ८० टक्के भरलेल्या माणसाकडे काम सरासरी चार तास थांबतं. ९० टक्के भरला की नऊ तास. म्हणून आठ तासांपैकी सहाच आधी ठरवून ठेवावेत.

तीनची रीत मोडते ती ठरावीक जागी. कागदावर तीन रकाने करा: रांगेत, हातात, अडकलेलं. तिसऱ्यात लोक नकोशी कामं लपवतात, म्हणून तिथेही दोनचीच मर्यादा, आणि प्रत्येकापुढे कोणाकडे अडकलं नि कधी विचारायचं ती तारीख. ‘वार्षिक अहवाल’ असं काम हातात घेऊच नका, ते महिनोन्‌महिने जागा अडवतं. ‘विक्रीचे आकडे तपासून तक्ता करणे’ असं दोन-तीन दिवसांत संपणारं घ्या. तातडीचं आलं तर साहेबांना विचारा, ‘हे लगेच घेतो, या तिनांतलं कोणतं मागे ठेवू?’ मागे जाणाऱ्या कामावर दोन ओळी लिहून ठेवा: कुठे थांबलो, पुढची पायरी कोणती. नाहीतर परतताना अर्धा तास नुसता आठवण्यात जातो.

२५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती हे पोमोडोरो तंत्र इथे पुरत नाही. ते मिनिटं आवरतं, कामांची संख्या नाही.

पहिली रीत कुठे बरी? काउंटरवर, तक्रारींच्या फोनवर, जिथे उत्तर दहा मिनिटांत देऊन विषय संपतो. तिथे मर्यादा घातली तर समोरचा विनाकारण ताटकळतो. ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारची कामं आहेत त्यांनी फुटकळ कामांना दिवसाचे दोन ठरावीक तास द्यावेत आणि ती त्या तिनांत मोजू नयेत.