डिव्हाइस ट्रीच्या लेखनशैलीचे नियम : कुपवाडमधील वापरावरून एक परीक्षण

बोर्डावर कोणते हार्डवेअर कोठे आहे हे ऑपरेटिंग सिस्टिमला सांगणाऱ्या डिव्हाइस ट्रीच्या फाइली कशा लिहाव्यात, हे सांगणारा स्वतंत्र दस्तऐवज लिनक्स कर्नलच्या (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ६.८ या आवृत्तीत, म्हणजे मार्च २०२४ मध्ये, दाखल झाला. कुपवाड एमआयडीसीत आमचा छोटा चमू तासगाव भागातील द्राक्षबागांसाठी ठिबक सिंचनाचे कंट्रोलर तयार करतो. आमच्या बोर्डांच्या फाइली आता याच नियमांनी लिहिल्या जातात.

नोडच्या, म्हणजे फाइलीत एकेका भागाचे वर्णन करणाऱ्या गटाच्या, नावात स्मॉल अक्षरे, अंक आणि डॅश, लेबलमध्ये (नोडचा इतरत्र उल्लेख करण्यासाठीच्या नावात) डॅशऐवजी अंडरस्कोर, हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाचे) आकडेही स्मॉल अक्षरांत, हे नामकरणाचे नियम एका वाचनात लक्षात राहतात आणि त्यांवर वाद होण्याचे कारण नाही. या दस्तऐवजाचे खरे मोल क्रमाच्या नियमांत आहे. बसवरील (भागांना जोडणाऱ्या सामाईक मार्गावरील) नोड पत्त्याच्या चढत्या क्रमाने आणि पत्ता नसलेले नोड नावाच्या वर्णक्रमाने लावावेत, असे तो सांगतो. पूर्वी आमच्याकडे मोडेमचे काम करणारा आणि आरएस-४८५ या सीरियल पोर्टचे काम करणारा, दोघेही आपला नोड फाइलीच्या तळाशी जोडत आणि मर्ज करताना, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना, हमखास कॉन्फ्लिक्ट येई. आता प्रत्येक नोडची जागा आधीच ठरलेली असल्याने तो प्रकार जवळजवळ थांबला आहे. नोडच्या आत आधी कंपॅटिबल (चिप कोणती), मग रेग (तिचा पत्ता), मग रेंजेस (पत्त्यांचे रूपांतर), त्यानंतर सर्वसाधारण प्रॉपर्टी, उत्पादकाच्या खास प्रॉपर्टी आणि शेवटी स्टेटस (भाग चालू की बंद), हा क्रमही विचारपूर्वक ठरवलेला आहे, कारण चिप कोणती आणि ती कोठे आहे हे पहिल्या दोन ओळींतच कळते.

कोणती माहिती कोणत्या फाइलीत असावी, याचे विवेचन मला सर्वांत उपयुक्त वाटले. चिपची माहिती चिपच्या फाइलीत आणि बोर्डावर बसवलेल्या भागांची बोर्डाच्या फाइलीत, एवढे कोणीही सांगेल; परंतु बाहेरच्या क्लॉकचा (चिपला ठोके पुरवणाऱ्या घड्याळाचा) नोड चिपच्या फाइलीत ठेवला तरी त्याची फ्रिक्वेन्सी बोर्डाच्या फाइलीतच द्यावी, कारण क्रिस्टल कोणता लावायचा हे बोर्ड बनवणारा ठरवतो, इतका बारीक विचार सहसा लिहून ठेवलेला आढळत नाही.

उणिवाही आहेत. स्कीमाची, म्हणजे नोडमध्ये काय असावे याच्या ठरीव आराखड्याची, आपोआप होणारी तपासणी कंपाइल झालेल्या फाइलीवर चालते आणि तिला क्रमाशी देणेघेणे नसते, त्यामुळे क्रम तपासण्याचे काम शेवटी रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्यांवरच येते. काही प्लॅटफॉर्मवर एकाच जातीचे नोड एकत्र ठेवण्याची मुभा असल्याने शेजारची फाइल पाहिल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. चिप-उत्पादकाकडून मिळालेल्या फाइली तर बहुधा या नियमांत बसतच नाहीत. त्या नीटनेटक्या करण्याच्या भरीस पडू नये, कारण पुढची आवृत्ती आली की ती आणि आपली प्रत यांतील खरा फरक शोधणे अवघड होते. आपल्या बोर्डाची जुनी फाइल सुधारायची असली, तरी क्रम बदलण्याचा पॅच (बदलांचा संच) आणि काम बदलणारा पॅच वेगळे ठेवावेत.

एक किरकोळ पण त्रासदायक बाब इंडेंटेशनची आहे. बाइंडिंगच्या, म्हणजे एखाद्या भागाचा नोड कसा लिहावा हे सांगणाऱ्या, यामल फाइलींतील उदाहरणे सहसा चार स्पेस देऊन लिहिलेली असतात, तर बोर्डाच्या फाइलीत टॅब लागतो, आणि उदाहरण जसेच्या तसे उचलल्यामुळे नव्याने रुजू झालेल्या मुलांचे पहिले पॅच बहुतेक वेळा येथेच परत जातात.