लाकडी गोंडोला: १९१८ ची की महायुद्धातली?

अमेरिकन रेल्वेच्या मॉडेलसाठी यूएसआरएची (पहिल्या महायुद्धात तिथल्या रेल्वे चालवणारी सरकारी संस्था) १९१८ च्या आराखड्याची गोंडोला, म्हणजे वरून उघडी मालवाघीण, करावी की दुसऱ्या महायुद्धातली ७० टनी, असं एकाने विचारलंय. दोन्हींना लाकडी फळ्या, बाहेरून पोलादी आधार. म्हणून जुन्या फोटोत घोटाळा होतो. लांबी पाहा: पहिली आतून साडेएकेचाळीस फूट, दुसरी साडेबावन्न. हँडब्रेकचं चाक तर लगेच ओळख पटवतं. पहिलीला ते उभ्या दांड्यावर आडवं, दुसरीला टोकाच्या भिंतीलगत उभं.

मेहनत पहिलीलाच जास्त, कारण तळाला कोळसा खाली सोडायची दारं आणि त्यांच्या बिजागऱ्या. दुसरीचा तळ बंद.

१९२०-३० च्या कोळशाच्या गाडीला पहिलीच हवी. युद्धकाळातल्या पोलाद कारखान्याच्या साइडिंगला (माल चढवा-उतरवायच्या बाजूच्या रुळांना) दुसरी. देखावा १९५० नंतरचा असेल तर फळ्यांऐवजी पत्रा लावा, बऱ्याच वाघिणींना तो नंतर बसवला गेला.