काठीखालचं रबर: गोल घ्यावं की बुटासारखं

चुलतभाऊ यंदा चैत्रात पहिल्यांदा पायी गडावर निघतोय. गड म्हणजे आपल्याकडं वणीचा सप्तशृंगगडच, खान्देशात वेगळं सांगायला लागत नाही. त्याने ट्रेकिंग पोलची जोडी घेतली आणि फोन करून विचारलं की खाली रबर कोणतं लावू, ते साधं टोपीवालं, बुटासारखं का गोल तळाचं, आणि पावसाळ्यात चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाऊ तेव्हा तेच चालेल का. फोनवर अर्धवटच सांगून झालं, म्हणून नीट लिहितोय. मी तिन्ही वापरलीत, तिन्ही स्वतःच्या पैशाने घेतलीत. मोजमाप वगैरे काही केलेलं नाही, चालताना जे जाणवलं तेच सांगतो.

काठीसोबत बहुतेक वेळा जी बारीक टोपी येते तिच्यावर फार वेळ घालवत नाही. ती मुळात टोक झाकायला असते. एसटीत काठी वर रॅकवर ठेवली की शेजारच्याची पिशवी फाटू नये, कुणाला लागू नये, तेवढ्यासाठी उत्तम. तिच्यावर चालायला लागलात तर आतलं कार्बाइडचं, म्हणजे फार कठीण असं काठीचं टोक रबर कोरत जातं आणि एक दिवस डांबरावर टक टक आवाज यायला लागतो, म्हणजे समजायचं की आरपार झालं. माझी पहिली जोडी मालेगावच्या आतच संपली होती. टोपीच्या आत बारीक भोकाचा लोखंडी वायसर टाकला तर जास्त टिकते, हार्डवेअरवाल्याकडं मिळतो, पण टेकायला जागा एवढीशीच राहते आणि गुळगुळीत कातळावर भरवसा वाटत नाही.

आता बुटासारखं. हे आलंय नॉर्डिक वॉकिंगमधून, तिकडं फिनलंडमध्ये लोक सपाट रस्त्यावर दोन काठ्या मागे रेटत झपाझप चालतात, त्यासाठी. तळ तिरका कापलेला असतो. काठी मागे कललेली टेकली की तो अख्खा तळ रस्त्याला चिकटून बसतो आणि रेटा मस्त मिळतो. हे मी मनापासून सांगतो, डांबरावर रेटा द्यायला याच्यासारखं दुसरं नाही. पहिल्या दिवशी चाळीसगाव सोडल्यावर मी इतका खूश होतो की सोबतच्या दोघांना म्हटलं पुढच्या वेळी हेच घ्या.

फक्त त्याला तोंड आहे. बुटाचं टोक मागच्या बाजूला पाहिजे. आणि ते तसं राहत नाही. रस्त्याच्या कडेला खडीत काठी अडकली, हात जरा वळला, एखाद्या दगडाला घासली, की बूट थोडा फिरतो. मग तळ टेकायच्या ऐवजी नुसती कड टेकते आणि काठी सटकते, आणि ते कळतं केव्हा तर मनगटाला हिसका बसतो तेव्हा. मालेगावहून देवळ्याकडं जाताना पहाटे अंधारात चालत होतो, माझ्या मागे आप्पा होते, सत्तरीचे, अनवाणी, हातात साधी वेळूची काठी. दर थोड्या वेळाने मागून आवाज यायचा, "तुना बूट फिरी गया रे भाऊ!" मी थांबायचो, पाठीवरच्या सॅकसकट वाकायचो, बूट सरळ करायचो, परत चालू. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी झालं असेल, मोजलं नाही. पाय दुखले नाहीत एवढी कंबर दुखली.

देवळ्यात मग काळी इलेक्ट्रिकची टेप घेतली, टोकाच्या वर दोन वेढे मारले, बूट घातला आणि काठी फरशीवर ठोकून ठोकून घट्ट बसवला. फिरायचं थांबलं. नांदुरीपर्यंत आणि पुढं घाटाने वर गडापर्यंत एकदाही वाकलो नाही. मला वाटलं आता प्रश्न मिटला.

श्रावणात पाटणादेवीला गेलो तेव्हा खरी गोष्ट कळली. देवळाच्या अलीकडं शेतांच्या कडेने काळी माती लागते, चालणाऱ्याला माहितीये ती कशी असते, पायातल्या बुटाला एक एक किलोचा गोळा धरते. तिथं रबर काढून उघडं टोक आणि वर बास्केट, म्हणजे काठी खोल रुतू नये म्हणून असते ती प्लास्टिकची चकती, लावायची असते. माझं रबर निघेना. ओढलं, पिळलं, मित्राने काठी धरली आणि मी दोन्ही हातांनी ओढलं, टेपने ते असं धरलं होतं की काय सांगू. शेवटी तसाच चाललो. चिखलात तिरका तळ म्हणजे घसरगुंडी, खाचा मातीने भरल्या की गुळगुळीतच होतं ते. परत आल्यावर टपरीवाल्याकडून गरम पाणी मागून त्यात काठीचं टोक बुडवून धरलं तेव्हा रबर नरम पडून सुटलं.

म्हणजे बघा, सैल बसवलं तर फिरतं आणि घट्ट बसवलं तर निघत नाही. माझ्यासाठी बुटाचा विषय इथं संपला. तुम्ही फक्त सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर फिरणार असाल, चिखलाचा संबंधच नसेल, तर टेप लावा आणि बिनधास्त घ्या, वाईट वस्तू नाहीये ती.

गोल तळाचं नंतर घेतलं. खाली दीडेक इंचाचा रुंद तळ, त्याला खाचा, आणि मी घेतलेल्यात आत टोकाखाली लोखंडी चकती आधीच आहे. घेताना बोट घालून किंवा मोबाईलच्या टॉर्चने आत बघा, चकती नसेल तर दुसरं मागा. याला तोंड नाही, फिरलं तरी गोलच. उलट चालता चालता हळूहळू फिरत राहतं म्हणून एकाच बाजूने न झिजता सगळीकडून सारखं झिजतं, ज्या फिरण्याने मला तिकडं वैताग दिला तेच इथं उपयोगी पडतं. टेप लागत नाही त्यामुळं पिळून ओढलं की हातात येतं. रेटा बुटाएवढा नाही हे कबूल, तिरक्या काठीत कडच टेकते. दुपारी डांबर पाघळलेलं असतं तेव्हा खाचांत कच रुतून बसते, ती संध्याकाळी काडीने काढावी लागते. पण चैत्रातल्या आपल्या उन्हात दुपारी चालूच नये, पहाटे निघून दहाच्या आत सावली गाठावी.

रबर कुठं ठेवायचं आणि कुठं काढायचं हे मात्र तिन्हींना सारखंच. डांबर, सिमेंट, गडाच्या पायऱ्या, कोरडा कातळ, इथं रबर. पितळखोऱ्याला तर नक्कीच, दोन हजार वर्षांपेक्षा जुनी लेणी आहेत ती, कार्बाइड आपल्या काळ्या दगडापेक्षा कठीण असतं आणि टेकेल तिथं पांढरा ओरखडा उठतो. मी लेण्यात शिरताना काठ्या घडी करून सॅकलाच लावतो. चिखल, मुरमाचा उतार, घसारा, इथं उघडं टोक. कण्हेरगडावरून उतरताना वाळलेल्या गवताखाली सुटा मुरूम असतो, तिथं रबर नुसतं वरून सरकतं आणि टोक टचकन रुततं. सातपुड्यात तोरणमाळकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर सागाची पानं पडलेली असतात, पापडासारखी वाळलेली, एकावर एक. त्यांच्यावर रबर म्हणजे तेलावर पाय, टोक मात्र पान फोडून खालची जमीन धरतं. ओढ्यातल्या शेवाळावर दोन्हींचा भरवसा मी तरी धरत नाही, तिथं काठी दगडांच्या फटीत रोवायची आणि वजन पायावरच ठेवायचं.

चिखल दिसला की आधीच काढा, हे विसरू नका. त्याच पाटणादेवीच्या रस्त्यावर मित्राची एक टोपी काळ्या मातीत राहिली, काठी वर आली आणि रबर खालीच. कोपरापर्यंत हात घालून चाचपलं, सापडलं नाही. दोनशेच्या आतलीच वस्तू, पण कुणाच्या तरी शेतात रबर टाकून आलो याचं दोघांनाही वाईट वाटलं. आता मी दोन्ही रबरांना वरच्या बाजूला बारीक भोक पाडून नायलॉनची दोरी ओवलीये, काढली की सॅकच्या पट्ट्याला अडकवतो.

मापाचं एकच सांगतो. बऱ्याच काठ्यांना आतलं भोक ११ ते १२ मिमीचं लागतं, पण सगळ्याच काठ्या सारख्या नसतात, म्हणून काठी सोबत घेऊन जा आणि दुकानातच घालून, पिळून, काढून बघा. मेडिकलवर म्हाताऱ्यांच्या काठीचं जे रबर मिळतं ते नळीच्या मापाचं असतं, यांना ढगळ होतं.

भावाला मी गोलच घे म्हटलंय, दोन जोड्या, एक लावायला आणि एक सॅकमध्ये. त्याला अजून बुटासारखंच आवडतंय, दिसायला भारी आहे म्हणतो. माझी जुनी बुटाची जोडी घरात पडलीये, ती त्याला देतोय, चाळीसगाव ते मालेगाव चालून बघ म्हटलं आणि मालेगावात पोचलास की फोन कर. गोल जोडी त्याच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात मी स्वतःच टाकणार आहे.