शाळेच्या वर्कशॉपसाठी घेतलेलं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन : आठ महिन्यांनंतर (आणि बराचसा राग त्या अर्थ क्लॅम्पवर)

जुलैमध्ये घेतलं, आता मार्च संपत आला. २०० अँपिअर, सिंगल फेज, पट्ट्याला धरून उचलता येणारं. स्पेसिफिकेशन तुम्हाला माहीतच असतील, परत टाइप करत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही. किंमत ७,४०० बिलासकट, तीन कोटेशनं मागवून, कमिटीपुढे ठेवून, त्यातलं मधलं घेतलं. सगळ्यात स्वस्त घेतलं तर लोक नंतर बोलतात आणि सगळ्यात महाग घेतलं तर आधीच बोलतात.

कुठे वापरतो ते आधी सांगतो. मी खेडेगावातल्या माध्यमिक शाळेत निदेशक आहे, आठवी ते दहावीला मूलभूत तंत्रज्ञान शिकवतो. डॉ. कलबागांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून हा विषय शाळांमध्ये आला. आठवड्यातला एक दिवस पोरं हाताने काम करतात, शेती-पशुपालन, वीज, घर-आरोग्य आणि वर्कशॉप. आमच्याकडे माझा नियम असा की आठवीला फक्त मार्किंग, कानस, हॅकसॉ आणि गुण्या लावून काटकोन बघणं. ज्याला २५ बाय ५ मिलिमीटरची लोखंडी पट्टी सरळ कापता येत नाही त्याच्या हातात होल्डर (वेल्डिंगचा रॉड धरायची मूठ) द्यायचा नाही. वेल्डिंग नववीपासून. बॅचला अठरा पोरं आणि मशीन एक.

आधी आमच्याकडे जुना ट्रान्सफॉर्मर होता, तेलातला, चौघांनी उचलायचा. बिघडायचा नाही, पण त्याला दोन फेज लागायचे आणि रॉड चिकटला की लालभडक व्हायचा, पोरगं घाबरून होल्डर सोडून मागे पळायचं, मग मी धावत जाऊन स्विच बंद. नवीन मशीनमध्ये रॉड चिकटला की करंट आपोआप पडतो, पोरगं शांतपणे मनगट फिरवून रॉड सोडवतं आणि परत पेटवतं. ही एक गोष्ट पैसे वसूल करणारी आहे आणि पहिल्या महिन्यात मी तिच्यावर इतका खूश होतो की बाकी काही बघितलंच नाही. नवशिका दहा मिनिटांत सात वेळा रॉड चिकटवतो. त्यामुळे ड्यूटी सायकल (दहा मिनिटांतली किती मिनिटं मशीन सलग चालवता येतं) वगैरेची काळजी शाळेत कुणी करू नये, आमच्याकडे मशीनपेक्षा पोरांचा दम आधी जातो.

आता क्लॅम्प.

अर्थ क्लॅम्प म्हणजे जॉबला (जोडायच्या लोखंडाला) धरून करंट मशीनकडे परत नेणारा चिमटा. मशीनबरोबर जो येतो तो पत्र्याचा. वरून तांब्याचा मुलामा, आत पातळ पत्रा, मध्ये स्प्रिंग, आणि केबल एकाच जबड्याला जोडलेली. केबलही चाकूने खरवडली तर आत पांढरी, म्हणजे तांबं नाहीच. फॅब्रिकेशनवाला हा क्लॅम्प पहिल्याच दिवशी कोपऱ्यात टाकतो आणि स्वतःचा लावतो, त्यामुळे कुणी त्याबद्दल लिहीत नाही. शाळेत मात्र जे बॉक्समधून निघतं तेच वर्षभर चालवायचं असतं. अठरा पोरं, प्रत्येकजण लावणार, काढणार, रंग असलेल्या जागी लावणार, गंजावर लावणार. ऑगस्ट संपेपर्यंत स्प्रिंग ढिली. ढिली झाली की टेकतो कमी, कमी टेकला की तापतो, तापला की स्प्रिंगचा ताव अजून उतरतो. गणपतीच्या सुट्टीनंतर तर तो जॉबवर नुसता बसायचा, धरायचा नाही.

लोक म्हणतील दीडशे रुपयांच्या वस्तूवर एवढं काय. तर ऐका.

नववीत एक मुलगी आहे, मार्किंग इतकं नेमकं की मी तिचा जॉब बाकीच्यांना दाखवतो. तिचा वेल्ड काही केल्या येईना. बारा नंबरचा (अडीच मिलिमीटर) रॉड, ८० अँपिअर, कोन बरोबर, अंतर बरोबर, आणि आर्क (रॉड आणि जॉबमधली पेटती ठिणगी) मध्येच तुटायचा. मी शिकवताना आवाजावर शिकवतो, तडतड तडतड म्हणजे काहीतरी चुकतंय, सलग चर्रर्र म्हणजे बरोबर. तिचं कायम तडतड. तीन आठवडे मी तिला सांगतोय हात स्थिर ठेव, कोपर टेकव, श्वास रोखू नकोस. चौथ्या आठवड्यात ती म्हणाली, "सर, मी आपलं कानसकामच करते, मला हे नाही जमायचं." त्या दिवशी सहज क्लॅम्प काढायला हात लावला आणि बोटं भाजली. दोन रॉड जाळल्यावर क्लॅम्प कोमट व्हायला हवा, फार तर. हा चुलीतून काढल्यासारखा. बाकीची पोरं क्लॅम्प टेबलाच्या कडेला लावायची, ती जागा कानशीने घासून चकचकीत होती. ही मुलगी शिस्तीची, मी सांगितलं होतं जॉबलाच लावा, म्हणून ती थेट जॉबच्या पट्टीला लावायची, आणि पट्टीवर मिलमधून येते ती काळी खपली तशीच, तिच्यातून करंट नीट जात नाही. जी नियम पाळत होती तिचाच वेल्ड बिघडत होता.

पट्टीची कड घासली, क्लॅम्प हाताने दाबून धरला, म्हटलं मार आता. चर्रर्र. पोरं गप्प झाली. स्लॅग (वेल्डवरची काचेसारखी खपली) झाडला तर खाली बऱ्यापैकी सरळ रेघ. ती काही बोलली नाही, फक्त अजून एक रॉड मागितला.

अनुभवी माणसाला आवाजावरून कळतं की अर्थ नीट नाही, तो शिवी देतो, क्लॅम्प हलवतो, काम पुढे. चौदा वर्षांच्या पोराला कसं कळणार? त्याला प्रत्येक वेळी आपलाच हात चुकतोय असं वाटतं. आणि लाजेची गोष्ट म्हणजे मलाही तेच वाटत होतं, तीन आठवडे.

पुढच्या तासाला मल्टिमीटर घेऊन बसलो. क्लॅम्पचा जबडा आणि जॉब यांच्यामध्ये वेल्डिंग चालू असताना मोजलं तर ९० अँपिअरला २ व्होल्टच्या आसपास. दहावीच्या पोरांना म्हटलं गुणाकार करा. १८० वॅट. म्हणजे घरातल्या दोन पंख्यांपेक्षा जास्त वीज नुसती त्या पत्र्याच्या चिमट्यात जळतेय. विद्युतधारेचे परिणाम हा धडा मी याआधी कधी इतक्या पटकन शिकवलेला नाही, तेवढे उपकार त्या क्लॅम्पचे मानतो.

कंपनीला फोन केला. "सर, क्लॅम्प ॲक्सेसरीमध्ये येतो, वॉरंटीत नाही." बरं, विकत द्या. "सुटा मिळत नाही, सर, किट घ्यावं लागेल." किटमध्ये होल्डर, केबल, क्लॅम्प, पत्र्याचा स्क्रीन, ब्रश, १,१०० रुपये. मला दीडशेची वस्तू हवी होती, त्यासाठी साडेनऊशेचा कचरा घ्यायचा. नाही घेतला. पोरांकडून बनवून घेतला, त्याचं पुढे सांगतो.

(इथपर्यंतचं मी जानेवारीतच लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘घेऊ नका’ असं लिहिलं होतं. ते वाक्य आता खोडलंय. का ते पुढे.)

२६ जानेवारीच्या आधीचा आठवडा. झेंड्याच्या चबुतऱ्याला रेलिंग करायचं होतं, सोळा गेजचा चौकोनी पाइप आणला होता. कुणीतरी देणगी म्हणून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप देत होते, नको म्हटलं, जस्ताची पांढरी वाफ छातीत गेली की रात्री थंडी वाजून ताप भरतो, पोरांकडून तसलं काम करून घेणार नाही. हेडसरांना वाटलं मी फुकटचं नाकारतोय, ते वेगळं. तर मंगळवारी दुपारी, अर्धं रेलिंग उभं, मशीनमधून फट्ट आवाज आणि जळका वास. पंखा फिरतोय, डिस्प्लेवर आकडा दिसतोय, आर्क नाही.

हेल्पलाइनला सहा फोन. तक्रार नोंदवली, मग तक्रार बंद झाल्याचा मेसेज, परत नोंदवली. "आमचा माणूस येईल." कधी? "अठ्ठेचाळीस तासांत." चार दिवस कुणी नाही. रेलिंग शेवटी शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्या अण्णांनी येऊन पुरं केलं, पैसे घेतले नाहीत, पण "मास्तर, खेळणं आणलंय तुम्ही" म्हणाले ते चारचौघांत.

मग मीच मशीन पोत्यात गुंडाळून एसटीने जिल्ह्याच्या सर्व्हिस सेंटरला नेलं. कंडक्टरने विचारलं काय आहे, म्हटलं शाळेचं सामान, तो म्हणाला वेल्डिंग मशीन दिसतंय, माझा भाचा पण करतो, आणि लगेजचं तिकीट घेतलं नाही. त्या दिवशी माझ्याशी नीट वागलेला हा एकटाच. सेंटरवर तासभर बाकड्यावर. मग एक तरुण पोरगा आला, स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि काही न बोलता मशीन माझ्याकडे वळवलं.

आत सगळीकडे करडी मऊ धूळ. बोट फिरवलं तर बोट काळं. त्याने खिशातून चुंबक काढून जवळ नेलं, धूळ उभी राहिली. लोखंडाचा कीस.

"सर, मशीन कुठे ठेवता?"

कटऑफ मशीनच्या शेजारी. चार फुटांवर. कारण प्लग पॉइंट तिथेच आहे. आम्ही कापतो, ठिणग्या उडतात, बारीक कीस हवेत, आणि या मशीनचा पंखा दिवसभर तो आत ओढतोय. लोखंडाचा कीस म्हणजे वीज वाहून नेणारी धूळ, बोर्डवर साचली, कुठेतरी दोन टोकं जोडली, मॉसफेट (बोर्डवरचे करंट चालू-बंद करणारे भाग) गेले. जुन्या तेलातल्या ट्रान्सफॉर्मरला यातलं काहीच बाधत नव्हतं, त्याच्या शेजारी मी पंधरा वर्षं कापाकापी केली. माहितीपुस्तिकेत लिहिलंय की ग्राइंडिंगच्या जागेपासून लांब ठेवा, नवव्या पानावर, इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. पण लिहिलंय. मी वाचलं नव्हतं. पोरांना रोज सांगतो आधी वाचा मग हात लावा.

वॉरंटी नाकारली, ‘आत धूळ’ असा शेरा. बोर्ड बदलायचे २,८०० सांगितले. भांडलो. पण खरं सांगायचं तर अर्ध्या मनाने भांडलो, कारण चूक दिसत होती. मशीन परत आणलं, तालुक्याला इन्व्हर्टर-यूपीएस दुरुस्त करणारा एकजण आहे, त्याने मॉसफेट बदलून, ब्लोअरने साफ करून ६५० घेतले. वॉरंटी गेली ती गेली, तशीही कुठे उपयोगी पडली होती.

तेव्हापासून मशीन दुसऱ्या टोकाला, खिडकीजवळ, वेगळा पॉइंट काढून. कापाकापी चालू असताना वर गोणपाटाचं झाकण आणि मशीन बंद. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दहावीची दोन पोरं प्लग काढून, थोडा वेळ थांबून, बाहेरून हवा मारतात. दोन महिने होत आले, तक्रार नाही. दुपारी आमच्याकडे व्होल्टेज १७५ पर्यंत पडतं तरी बारा नंबर चालतो, त्याहून जाड दहा नंबरला मात्र रडतं. तेव्हा दहा नंबर सकाळी.

बाकीचं पटापट. बॉक्समधला हातात धरायचा स्क्रीन पोरांना देऊ नका, काच हलते. चांगला स्क्रीन आणि अकरा नंबरची काळी काच वेगळी घ्या, बघत उभ्या असलेल्यांसाठी पण. आमच्याकडे रॉड पेटवायच्या आधी "काच!" असं ओरडायचा नियम आहे, नाही ओरडलं तर त्या दिवशी होल्डर बंद. रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होऊन एकदा मुलगा रडला की पालक पुढच्या वर्षी विषयच बदलायला सांगतात. आता पोरं हेडसर येताना दिसले तरी "काच!" ओरडतात, त्याला माझा इलाज नाही. पावसाळ्यात रॉड दमट होतात, पत्र्याच्या डब्यात साठचा बल्ब लावून ठेवतो. आणि मशीन हलकं असल्याचा फायदा म्हणजे डिसेंबरात आम्ही ते वाडीवरच्या प्राथमिक शाळेत नेऊन तिथली घसरगुंडी जोडून आलो, नववीच्या पोरांनी, मी फक्त टॅक (आधी मारायचे ठिपक्यासारखे वेल्ड) तपासले. जुना ट्रान्सफॉर्मर तिथे नेण्याचा विचारही केला नसता. या वर्षी शाळेचे एकतीस बाक पोरांनी दुरुस्त केले, बाहेर बाकामागे दीडशे घेतात, हिशोब तुम्हीच करा.

आता क्लॅम्प. टेबलाला तर केबल कायमची बोल्टने आवळून टाकली, थिंबल (केबलच्या टोकाची भोक असलेली टोपी) दाबून, खालची जागा घासून. आणि बाकांसारख्या बाहेरच्या कामाला पोरांनी सी क्लॅम्प बनवला. ३२ बाय ६ च्या पट्टीचे तीन तुकडे काटकोनात जोडले, एका टोकाला १२ चा नट वेल्ड केला, त्यातून बोल्ट, बोल्टच्या डोक्याला पकडायला आडवा रॉड. जबड्याच्या आतल्या बाजूला भंगारातल्या पितळी नळाचा तुकडा सपाट करून स्क्रूने बसवला आणि थिंबल त्याच स्क्रूखाली. भंगारवाल्याला पितळेचे ४० रुपये, बोल्ट-नट २५. मल्टिमीटर लावला तर तेच ९० अँपिअर आणि ०.१ व्होल्ट. त्यातले दोन सांधे त्या मुलीचे आहेत, ग्राइंडर न मारता ठेवलेत.

मग रेटिंग काय? जानेवारीत एक तारा देणार होतो. आता साडेतीन. धुळीचा एक माझ्या नावावर, म्हणून तो कापला नाही, क्लॅम्पचा दीड त्यांच्या.

ता. क. परवा कंपनीतून फोन, "सर, सर्व्हिसबद्दल समाधानी आहात का, एक ते पाचमध्ये सांगा." मी क्लॅम्पपासून सुरुवात केली. मुलगी, खपली, २ व्होल्ट, १८० वॅट सगळं सांगितलं. तिकडून बराच वेळ काही आवाज नाही, मग ती बाई म्हणाली, "सर, क्लॅम्पसाठी वेगळा ऑप्शन नाहीये, मी तीन टाकू का?"