न उघडलेल्या गिअरबॉक्सचे बिल

लातूरच्या एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्सच्या दुरुस्तीच्या नावाखाली आमच्याकडून २६ हजार रुपये घेण्यात आले. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून ही हकीकत लिहीत आहे.

बीड जिल्ह्यातल्या केजहून लातूरच्या आडतीवर सोयाबीन नेताना आमच्या जुन्या डिझेल जीपचा पहिला आणि रिव्हर्स गिअर पडेनासा झाला. जोर केला की करकर आवाज येई. इंजिन बंद केल्यावर मात्र सगळे गिअर लोण्यासारखे पडत. हे सांगूनही गॅरेजमालकाने ‘सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या) गेल्या, फोर्क (गिअर सरकवणारा काटा) झिजला, पेटी (गिअरबॉक्स) उतरवावी लागेल’ असे सांगितले आणि काम झाल्यावर झिजलेल्या रिंगा आमच्यापुढे ठेवल्या. गाडी ठीक चालू लागली, त्यामुळे शंका घेण्याचे कारण उरले नाही.

काही आठवड्यांत तोच दोष उलटला. अंबाजोगाईच्या वयस्कर मिस्त्रींनी गाडीखाली जाऊन पाहिले, तर पेटीच्या बोल्टांवर जुना काळा चिखल तसाच घट्ट बसलेला होता आणि प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे पेटीतून चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे, नट गंजलेले, पान्याची खूणही नसलेले होते. पेटी उतरवायची तर हा शाफ्ट आधी सोडवावाच लागतो. ड्रेन प्लग काढल्यावर आतून डांबरासारखे ऑइल आले, जे पेटी खोलून भरली असती तर नवे असायला हवे होते. दाखवलेल्या रिंगा कोणाच्या गाडीच्या होत्या, देव जाणे.

खरा दोष क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या छोट्या सिलिंडरमध्ये होता. त्याचे रबर गळत असल्याने पाइपात हवा शिरून पेडल दाबूनही क्लच पुरता सुटत नव्हता, आणि म्हणूनच इंजिन चालू असतानाच गिअर अडत होते. गॅरेजवाल्याने बहुधा फक्त क्लचचे ऑइल भरून हवा काढली असावी. गळती तशीच राहिल्याने दोष परतला. रबर किट आणि मजुरी मिळून हजाराच्या आत काम झाले.

म्हणून पेटी उतरवू देण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून गिअर पाडून पाहावेत. बंद इंजिनवर सहज पडणारे गिअर, विशेषतः पहिला आणि रिव्हर्स, उभ्या गाडीत चालू इंजिनवर अडत असतील, तर आधी क्लच तपासावा. बंद इंजिनवरही अडत असतील, तर लिव्हरची जोडणी किंवा फोर्क पाहावा. आणि चालत्या गाडीत एकच गिअर करकरत असेल, तर त्या गिअरच्या सिंक्रो रिंगेचा संशय रास्त ठरतो. काम सुरू होण्यापूर्वी बोल्टांचे फोटो काढावेत आणि पेटी खाली उतरलेली स्वतः पाहावी.

गॅरेजमालकाने पैसे परत देण्यास नकार दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यातही तक्रार करू शकतो आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, म्हणून आम्ही लातूरला खेपा न घालता बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे बिल, चिखलाने माखलेल्या बोल्टांचे फोटो आणि मिस्त्रींचा लेखी जबाब जोडून अर्ज दाखल केला आहे.