शुअर एसएम५८ : विकताना किती परत येतील, या हिशेबाने

शुअर एसएम५८ या हातातल्या माइकच्या आवाजाबद्दल नवं सांगण्यासारखं फार उरलेलं नाही. १९६६ पासून मूळ रचना तीच आहे : डायनॅमिक (चुंबक-कॉइलवर चालणारा), कार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा), ५० ते १५,००० हर्ट्झचा पल्ला. कीर्तन, निवेदन, ऑर्केस्ट्रा सगळीकडे चालतो. हलक्या आवाजातल्या शास्त्रीय गायनाला मात्र जरा बोथट वाटतो. पण भजनी मंडळ असो की लहान साऊंडवाला, हा माइक घेताना किमतीइतकाच विचार तो पुढे विकला तर हातात काय पडेल याचा करावा. समजा ९,००० ला घेतला आणि चार वर्षांनी ६,००० ला गेला, तर खर्च झाला ३,००० चा. तीन हजारांचा बिननावाचा माइक तेवढ्या काळात भंगारात जातो.

भाव टिकतो तो निव्वळ नावामुळे नाही. आत कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) आणि एक छोटा ट्रान्सफॉर्मर, एवढाच काय तो पसारा. बॅटरी नाही, फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरकडून केबलमधून येणारी वीज, लागत नाही. जाळी चेपली तर नवी मिळते. कॅप्सूल गेलं तर आर५९ नावाचं मूळ कॅप्सूल सुटं मिळतं. दोन तारा सोडवून त्याच जागी डाग द्यायचे, सोल्डरिंग येणाऱ्याला काम किरकोळ आहे. त्यामुळे बंद पडलेल्या माइकलाही गिऱ्हाईक भेटतं.

अडचण आहे ती नकली मालाची. या माइकच्या नकला इतक्या आहेत की बिल नसलेला अस्सल माइकही पडेल भावात मागितला जातो. म्हणून नवा घेताना पक्कं बिल, खोका, चेनची पिशवी, स्टँडची क्लिप आणि आट्यांचं छोटं अडॅप्टर जपून ठेवा. जुना घेताना विक्रेत्यासमोरच उघडून बघा. आधी जाळी फिरवून काढा, मग कॅप्सूलचा भाग हँडलपासून अलगद फिरवून सोडवा. आत कॅप्सूलकडे जाणाऱ्या तारा पिवळी आणि हिरवी असायला हव्यात. खालच्या एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या केबल-सॉकेटवर पिनांजवळ १, २, ३ कोरलेले दिसले पाहिजेत. वजन ३०० ग्रॅमच्या आसपास भरतं. किराणा दुकानातला काटाही पुरे. यातली एकच खूण जुळली म्हणून खूश होऊ नका, नकला करणारेही शिकतात. विक्रेता उघडू देत नसेल तर सौदा तिथेच सोडा.

मग मिक्सरला लावा. केबल सॉकेटपाशी हलवल्यावर खरखर आली तर आधी स्वतःची केबल बदलून बघा. तरीही आली तर पिना ढिल्या आहेत. आवाज पातळ आणि दबका येत असेल तर बहुतेक कॅप्सूल गेलंय, म्हणजे आर५९ चे पैसे भावातून वजा करा. जाळीतल्या फोमला वास येत असेल तर घाबरायचं कारण नाही : जाळी काढून सौम्य साबणाने धुवायची, पूर्ण वाळल्यावरच बसवायची. कॅप्सूलला पाणी लागू द्यायचं नाही. नागपूरच्या मे महिन्यात जाळी सावलीतही झटपट वाळते.

बटणाचा एसएम५८एस मंडळांना आवडतो, पण बटण म्हणजे झिजणारा आणखी एक भाग. पुढे विकायचा विचार असेल तर साधाच घ्या. साऊंडवाले बिनबटणाचा मागतात, कारण गायकाने मध्येच बंद केला की शिव्या त्यांनाच पडतात.

‘त्यापेक्षा जुना वायरलेस माइक घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. सेटच्या पाठीवरच्या चिठ्ठीवरची फ्रिक्वेन्सी वाचल्याशिवाय पैसे काढू नका. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आता जिओचं ५जी चालतं. तिथले जुने सेट कितीही चकचकीत असले तरी पुढचा गिऱ्हाईक ते घेणार नाही, आणि घेऊही नये.

विकायचा झाला तर गणपतीच्या तोंडावर येणाऱ्या नागपूरच्या पोळा-मारबत सणांच्या पंधरा दिवस आधी काढा. गणपतीच्या तयारीत मंडळं घाईत असतात. घ्यायचा असेल तर दिवाळी आटोपू द्या. आणि विकताना चांगली केबल फुकट जोडू नका. तिच्यामुळे माइकचा भाव वाढत नाही, वेगळी विकली तर तिचे पैसे येतात.